एक लाखाची दुचाकी, वीस लाखांच्या मोटारीचा दर

कर्नाटकात नवी मोटारसायकल घेतली की आजीवन कर, म्हणजे आपण ज्याला लाइफटाइम टॅक्स म्हणतो तो, किमतीच्या टप्प्यावर बसतो. शोरूम किंमत ५० हजारांपर्यंत असेल तर १० टक्के, ५० हजारांच्या वर एक लाखापर्यंत १२ टक्के, आणि एक लाख ओलांडला की १८ टक्के. त्या कराच्या रकमेवर पुन्हा ११ टक्के उपकर आहे. त्यामुळे शोरूममध्ये १८ टक्के म्हणून जे सांगतात ते हिशोबाला १९.९८ भरतात. सरळ वीसच धरा. २०२५ पासून वाहतूक कामगारांच्या कल्याणासाठी म्हणून नव्या दुचाकीमागे ५०० रुपये आणखी लागले आहेत.

आता याच राज्यातले पेट्रोल-डिझेल मोटारींचे दर पाहा. ५ लाखांपर्यंतच्या मोटारीला १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७ आणि २० लाखांच्या वर १८. म्हणजे १ लाख १० हजारांची मोटारसायकल घेणारा बेळगावच्या उद्यमबागेतला फिटर आणि २५ लाखांची एसयूव्ही घेणारा कारखानदार यांच्या कराचा टक्का एकच. पावणेपाच लाखांची छोटी मोटार घेणाऱ्याला तर फिटरपेक्षा पाच टक्के कमी. ज्याची ऐपत जास्त त्याचा कराचा टक्का जास्त असावा, ही साधी रीत आहे. इथे ती उलटी झाली आहे, आणि त्याचं कारण त्या एक लाखाच्या पायरीत आहे.

एक लाखाच्या वरची दुचाकी ही एके काळी खरोखर हौसेची गाडी होती. आज १२५ सीसी गाडीच्या महागड्या व्हेरियंटची किंमत लाखाच्या आसपास येते आणि १५०-१६० सीसीची गाडी लाखाच्या वरच असते. मोपेड सोडली तर ५० हजारांच्या आत नवी पेट्रोल गाडी जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे १० टक्क्यांचा टप्पा कागदावर आहे, रस्त्यावर नाही. महागाईने गाडी वर ढकलली आणि पायरी जागची हलली नाही. खानापूर तालुक्यातल्या घाटरस्त्यांवर रोज दोन माणसं आणि दुधाची किटली घेऊन जाणाऱ्याला १०० सीसी पुरत नाही म्हणून तो १५० सीसी घेतो. त्याला हौशी ठरवून वीस टक्के लावणं चूक आहे.

पायरीचा दुसरा दोष जास्त टोचतो. प्राप्तिकरात टप्पा ओलांडला तर वाढीव दर फक्त वरच्या रकमेला लागतो. इथे तो सगळ्या किमतीला लागतो. गाडी ९९,९०० रुपयांची असेल तर १२ टक्क्यांनी कर ११,९८८ आणि उपकरासह १३,३०७. तीच गाडी १,००,५०० ची असेल तर १८ टक्क्यांनी १८,०९० आणि उपकरासह २०,०८०. किमतीतला फरक ६०० रुपये, करातला फरक ६,७७३ रुपये. ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेकची, जास्त सुरक्षित गाडी घेतली म्हणून माणूस या पायरीवर अडकतो. शोरूममध्ये व्हेरियंट ठरवताना हा हिशोब आधी मांडा. लाखाच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन हजारांत असाल तर आरशाचा रंग आणि अलॉय व्हीलपेक्षा ही पायरी महत्त्वाची आहे.

२२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आजीवन कर जीएसटी धरून होणाऱ्या शोरूम किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. त्यामुळे जीएसटी कमी झाला की आजीवन करही कमी होतो. आधी १,०५,००० ला असलेली गाडी, पूर्ण सूट गिऱ्हाइकापर्यंत पोचली तर, ९६,७९७ ला येते. तिचा आजीवन कर उपकरासह २०,९७९ होता, तो १२,८९३ होतो. किमतीत ८,२०३ आणि करात ८,०८६, असा दुहेरी फायदा, कारण गाडी पायरीखाली उतरली. पण कंपनीने पुढच्या दोन-तीन दरवाढी केल्या की ती पुन्हा पायरीवर चढेल. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र जीएसटी आता ४० टक्के आहे, आणि त्या फुगलेल्या किमतीवर पुन्हा आपले वीस टक्के.

हद्दीपलीकडे काय आहे? महाराष्ट्रात कर किमतीच्या टप्प्यावर नाही, इंजिनच्या सीसीवर आहे. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, त्यावर १२ टक्के. १,२०,००० रुपयांची १५० सीसी गाडी धरा. महाराष्ट्राच्या दराने १३,२००, कर्नाटकात २१,६०० अधिक उपकर २,३७६ म्हणजे २३,९७६. फरक १०,७७६ रुपये. अडीच लाखांची ४०० सीसी गाडी असेल तर तिकडं ३०,०००, इकडं ४९,९५०. हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या दोन भावांच्या एकाच मॉडेलच्या गाड्यांत एवढं अंतर पडतं. वाहनांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला ५७ वा विषय आहे, त्यामुळे दर ठरवणं हा राज्याचा अधिकार. मात्र त्याच अनुसूचीत समवर्ती सूचीतल्या ३५ व्या नोंदीत अशा करांची तत्त्वं ठरवण्याचा अधिकार केंद्रालाही आहे. देशभर एक किमान शिस्त आणता येते, ती आणलेली नाही.

बहुतेक जण गाडी हप्त्यावर घेतात, आणि कर्ज ऑन रोड किमतीवर होतं. म्हणजे करावरही व्याज. २४,००० रुपयांचा कर तीन वर्षांच्या कर्जात गेला आणि दर १४ टक्के धरला, तर महिन्याला ८२० रुपये आणि शेवटी साधारण २९,५०० भरले जातात. सरकारी खजिन्यात २४ हजार पोचतात, वरचे साडेपाच हजार फायनान्सवाल्याचे. पंधरा वर्षांचा कर पहिल्या दिवशी एकरकमी मागण्याचा हा परिणाम आहे. राज्य बदललं तरी क्रमांक तोच राहणाऱ्या बीएच (भारत) मालिकेत दोन-दोन वर्षांनी कर भरायची सोय आहे. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तिथे दर ८ टक्के आहे आणि तोही जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर. पण ती मालिका सरकारी नोकर, सैन्यदल, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. ऊसतोड मुकादम, बेळगावातल्या वडगावचा विणकर, निपाणीचा तंबाखू व्यापाऱ्याकडचा दिवाणजी यांच्यासाठी नाही. ज्यांना पगार खात्रीचा आहे त्यांना हप्ते, ज्यांना नाही त्यांना एकरकमी.

रस्त्याच्या झिजेचा हिशोबही मांडून पाहू, कारण या कराच्या समर्थनार्थ रस्त्यांचं नाव नेहमी पुढे येतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून अभियंत्यांनी काढलेला ढोबळ नियम असा की झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. १३० किलोची दुचाकी आणि ७० किलोचा चालवणारा मिळून २०० किलो, म्हणजे एका आसावर १००. १,४०० किलोच्या भरल्या मोटारीत एका आसावर ७००. सात पट वजन, पण सातचा चौथा घात २,४०१. एका मोटारीचा एक आस जेवढा रस्ता झिजवतो तेवढा झिजवायला दुचाकीच्या आसाला सुमारे चोवीसशे फेऱ्या माराव्या लागतात. गळीत हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे जातात, त्यांचा हिशोब यात धरलेलाच नाही. दुचाकीवाला रस्ता झिजवत नाही. त्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खड्ड्यात तो पडतो.

सीमाभागातल्या माणसाला या दराहून मोठा त्रास पासिंगचा आहे. एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंगची गाडी बेळगावात, केए २३ (चिकोडी) ची कागल एमआयडीसीत, केए २२ (बेळगाव) ची चंदगडात. नाती, नोकऱ्या, शाळा, बाजार सगळे हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेले. केंद्रीय मोटार वाहन कायदा १९८८ इथे स्पष्ट आहे. कलम ४६ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. कलम ४० प्रमाणे नोंदणी जिथे मालक राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी सहसा ठेवली जाते तिथे करायची. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा क्रमांक घ्यावा लागतो.

याच्या विरुद्ध जाऊन कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या १९५७ च्या वाहन कर कायद्यात दुरुस्ती करून परराज्यातली गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त वापरली की आजीवन कर, असं घातलं. उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २०१६ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली. तरीही ३० दिवसांची भाषा रस्त्यावर ऐकू येते, म्हणून १२ महिन्यांची तरतूद कलमाच्या आकड्यासकट पाठ असावी. रोज सकाळी शिनोळीहून बेळगावजवळच्या मच्छेला येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याची गाडी कर्नाटकात ‘ठेवलेली’ नाही. ती रात्री महाराष्ट्रातल्या घरी उभी असते. त्याने शांतपणे तेच सांगावं आणि पुरावा दाखवावा.

पुराव्याची खरी अडचण दुचाकीवाल्यालाच आहे. मोटारीच्या फास्टॅगवर कोगनोळी टोलनाक्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे ती केव्हा आली-गेली हे दोन मिनिटांत दाखवता येतं. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणून तिची नोंदही नाही. सवलतीमुळेच पुरावा बुडतो. तेव्हा हद्द ओलांडणाऱ्याने दोन-तीन गोष्टींची सवय लावावी. सर्व्हिसिंग आपल्या राज्यातच करावं आणि जॉब कार्ड जपावं, कारण त्यावर तारीख, किलोमीटर आणि गाडी क्रमांक तिन्ही असतात. पीयूसी घराजवळच्या केंद्रात काढावी. पेट्रोलचे पैसे मोबाइलने दिले तर व्यवहाराची नोंद राहते. महिन्यातून एक-दोन वेळा तरी पेट्रोल गावाकडच्या पंपावर भरावं, जरी कर्नाटकात लिटरमागे स्वस्त पडत असलं तरी. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असतील तर ती कायद्याने ग्राह्य आहेत, मूळ कागद सोबत बाळगायची गरज नाही.

उलटा मार्गही अनेक जण धरतात: राहायचं बेळगावात आणि कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच ०९ पासिंग करायचं. दहा हजार वाचतात हे खरं, पण हा सल्ला देणार नाही. पत्ता खोटा ठरला की नोंदणीच अडचणीत येते, चलनाच्या नोटिसा भलत्या घरी जातात, आणि गाडी विकताना किंवा मालक वारल्यावर नाव बदलताना त्या नातेवाइकाच्या दारात उभं राहावं लागतं. दर अन्यायाचा आहे म्हणून कागद खोटा करणं आपल्याच गळ्यात येतं.

गाडी खरोखर कायमची इकडं येणार असेल, म्हणजे बदली झाली, लग्नात सासरकडून मिळाली, किंवा कोल्हापुरातून जुनी घेतली, तर क्रम असा. आधी जुन्या आरटीओची एनओसी. परिवहन संकेतस्थळावर वाहन सेवेतून अर्ज करायचा, नमुना २८. त्याआधी सगळी ई-चलनं भरून टाका, एकही बाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, काढून घ्या. चॅसीस नंबरचा पेन्सिल-ठसा लागतो. जुन्या गाडीत हा ठसा सगळ्यात जास्त वेळा नापास होतो, कारण हँडलच्या गळ्यापाशी चिखल आणि गंज साठून आकडे बुजलेले असतात. आदल्या दिवशी डिझेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन जागा साफ करा, वाळू द्या, मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने एकाच दिशेने घासा. पॉलिश पेपर मारू नका. आकडे खरवडल्यासारखे दिसले तर नवाच संशय उभा राहतो.

एनओसी मिळाल्यावर नवा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७. मालकही बदलत असेल तर नमुना २९ आणि ३०, मूळ मालक वारला असेल तर ३१. सोबत विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. नावाच्या स्पेलिंगकडे इथेच नीट बघा. मराठी आडनाव कन्नडातून इंग्रजीत गेलेलं असतं, आधारवर एक आणि आरसीवर दुसरं. खिडकीवर जाण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या, नाहीतर प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि आणखी दोन खेपा.

जुनी गाडी घेताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात. परराज्यातून आलेल्या गाडीचा कर तिच्या वयाप्रमाणे कमी होत जातो, पण तो मूळ किमतीवरून मोजतात, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. सहा वर्षांपूर्वी १,१५,००० ला घेतलेली गाडी तुम्हाला ४५ हजारांत मिळाली तरी कराच्या वहीत ती १८ टक्क्यांच्या पायरीवरचीच गाडी आहे. सौदा ठरवण्याआधी मूळ बिल मागा, त्यावरून कर काढून घ्या आणि मग किंमत बोला. पुष्कळदा स्वस्त वाटणारी एमएच गाडी केए पासिंगच्या गाडीपेक्षा महाग पडते.

सगळ्यात मोठा अन्याय यापुढे आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा कर भरलेला असतो. कर्नाटकात उरलेल्या वर्षांचा पुन्हा भरायचा. महाराष्ट्राकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मिळतो, पण इकडचा कर आधी भरून, नवा क्रमांक पडून, नवी आरसी हातात आल्यावर. तोपर्यंत एकाच गाडीच्या एकाच काळाचे दोन कर तुमच्या खिशातून गेलेले असतात. पंधरा हजार रुपये काही महिने अडकणं पगारदाराला जड आहे, रोजंदारीवाल्याला अशक्य. म्हणूनच सीमाभागात जुन्याच पासिंगवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या दिसतात. दोन्ही राज्यांची नोंदणी एकाच वाहन प्रणालीत आहे, दोन्हीकडचा भरणा संगणकावर दिसतो. उरलेला कर एका राज्याने दुसऱ्याला वळता करायचा आणि मालकाने फक्त फरक भरायचा, याला नव्या यंत्रणेची गरज नाही. दोन्ही सरकारांच्या सहीची आहे. सीमाभागातल्या आमदार-खासदारांकडे मागायची हीच एक मागणी ठेवली तरी चालेल, आणि तिला जोडून दुसरी: १८ टक्के फक्त एक लाखाच्या वरच्या रकमेला. तसं झालं तर १,००,५०० च्या गाडीचा कर १८,०९० ऐवजी १२,०९० होतो.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. ऑन रोड किंमत एका आकड्यात ऐकू नका, फोड लिहून घ्या: शोरूम किंमत, आजीवन कर, उपकर, नोंदणी शुल्क, विमा. दुचाकीचं नोंदणी शुल्क ३०० रुपये आहे आणि कर्जाची नोंद असेल तर तिचे आणखी ५००. स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. ‘हँडलिंग’ म्हणून लावलेली रक्कम द्यायची नाही. गार्ड, सीट कव्हर, एक्स्टेंडेड वॉरंटी यांचं बिल वेगळं घ्या. नंबर पडल्यावर परिवहन संकेतस्थळावरून कराची पावती स्वतः काढा आणि शोरूमने घेतलेल्या रकमेशी ताडून पाहा. फरक निघाला तर लेखी मागा.

परराज्यातून आणलेल्या गाडीच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करताना जुन्या आरटीओत नव्या आरसीची प्रत, एनओसीची प्रत, मूळ कराची पावती आणि आयएफएससीसह बँक पासबुकाचं पहिलं पान लागतं. जुनी आरसी इकडं जमा करण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा, नंतर ती परत मिळत नाही. गाडी विकत घेतलेली असेल तर परतावा विकणाऱ्याने घ्यायचा की घेणाऱ्याने, हे व्यवहाराच्या कागदावर पैसे मोजण्याआधीच लिहून घ्या. अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्या. दोन महिन्यांत पैसे खात्यावर आले नाहीत तर त्या पोचेची प्रत जोडून माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.